बायप्लेनच्या पंखावर उभं राहायचंय? मग या चुका टाळा

विंग वॉकिंग म्हणजे उडत्या बायप्लेनच्या, एकावर एक दोन पंख असलेल्या विमानाच्या, वरच्या पंखावर उभं राहणं. त्याचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वरून पडलो तर?" हौशी माणूस वरून पडत नाही. वरच्या पंखाच्या मधोमध पोलादी नळ्यांचा मजबूत सांगाडा बसवलेला असतो. तुम्ही त्याला पाठ टेकून उभे राहता आणि खांदे, कंबर, मांड्या असे सगळीकडून पट्ट्यांनी बांधलेले असता. वर जाईपर्यंत ते पट्टे दोघांनी वेगवेगळे तपासलेले असतात. घोळ होतात ते खाली, चढता-उतरताना, आणि नव्व्याण्णव टक्के वेळा घाईमुळे. इंग्लंडात कॉट्सवोल्ड्सच्या बाजूला एका गवताच्या धावपट्टीवर मी सुट्टीच्या दिवशी मदतीला जाते. लोकांना वर चढवायचं, पट्टे आवळायचे, सुखरूप खाली उतरवायचं हे माझं काम. प्रत्येक उन्हाळ्यात त्याच त्या चुका बघून आता राहवत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कुठेही पाय ठेवणं.

या उड्डाणांसाठी बहुतेक ठिकाणी बोइंग स्टीअरमन वापरतात. अमेरिकी सैन्यातल्या नव्या वैमानिकांना शिकवण्यासाठी १९३० आणि ४० च्या दशकांत बनवलेलं हे विमान. त्याचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आहे, पण पंखांच्या आत लाकूड आहे. लांबीला दोन मुख्य तुळया, म्हणजे स्पार, आणि त्यांना आडव्या पातळ फासळ्या. त्यावर ताणून बसवलेलं कापड. लांबून बघणाऱ्याला तो रंगवलेला पत्रा वाटतो आणि तिथेच फसगत होते. खालच्या पंखावर, धडाला लागून, एक काळी खरखरीत पट्टी असते. पाय ठेवायचा तो फक्त तिच्यावर. पट्टीच्या बाहेर दोन फासळ्यांच्या मधे कापडाखाली काहीही नसतं.

एका उन्हाळ्यात एक तरुण आला होता. चांगल्या कामासाठी देणग्या गोळा करून आला होता, सोबत मित्रांचा घोळका. मी पुढच्या माणसाचे पट्टे सोडवत असताना याला फोटो काढायची लहर आली. मित्र म्हणाले, "पंखावर चढ ना, छान येईल." त्याने मागच्या कडेवरून उडी मारली आणि पाय पट्टीच्या हातभर बाहेर पडला. ढोलाचं कातडं फाटावं तसा आवाज झाला आणि बूट घोट्यापर्यंत पंखात गेला. घाबरून त्याने तो तसाच ओढून काढला, त्यामुळे भोक आणखी फाटलं.

त्याला वाटलं, चिकटपट्टी लावली की झालं. असं होत नाही. आधी फाटलेल्या कडा कापून आतली फासळी तडकली आहे का ते बघावं लागतं. मग चहूबाजूंनी पुरेसं वर येईल असं ठिगळ चिकटवायचं, ते पॉलिस्टरचं कापड इस्त्रीच्या उष्णतेने आक्रसवून ताणायचं, त्यावर डोपचे, म्हणजे कापड घट्ट करणाऱ्या रोगणाचे, थरावर थर द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा. इंग्लंडातल्या दमट हवेत डोप वाळताना पांढरा पडतो, म्हणजे तो थर पुन्हा. शेवटी सही करायला परवानाधारक तंत्रज्ञ लागतो. त्या दिवसाची उरलेली सगळी उड्डाणं रद्द झाली. रांगेत एक आजी होत्या, नातवंडांना घेऊन लांबून आलेल्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला अजून त्यांचा चेहरा आठवतो.

तेव्हापासून मी चढणाऱ्याचा घोटा हातात धरते आणि पाऊल स्वतः पट्टीवर नेऊन ठेवते. काही मोठ्या हुद्द्यावरच्या साहेबांना हे आवडत नाही. न आवडू दे. हात कुठे ठेवायचा तेही मीच सांगते: वरच्या पंखाच्या मधल्या भागाला मुठी आहेत, त्या धरा. समोरच्या काचेला लोंबकळू नका, ती तडकते. दोन पंखांमधल्या चपट्या तारांवर पाय देऊ नका. पंख जागच्या जागी राहतात ते त्या तारांच्या ताणामुळे.

आता कपडे. महाराष्ट्रातून इथे आलेल्या आपल्या मंडळींनी हे नीट वाचावं, कारण फोटोत मराठमोळं दिसायची हौस मला कळते. एकाने फेटा बांधून उडायचा हट्ट धरला होता. फेटा म्हणजे कित्येक मीटर कापड. ताशी दीडशे किलोमीटरच्या वाऱ्यात त्याचा एक पदर सुटला की सगळा सुटतो आणि तुमच्या मागे, त्याच वाऱ्यात, विमानाची शेपटी असते. उंची आणि दिशा सांभाळणारे हलते भाग तिथे आहेत. त्यांच्या बिजागरीत कापड अडकलं तर वैमानिकाच्या हातात काय उरतं? त्या मुलाने शेवटी फेटा खाली बांधून फोटो काढला, वर शिरस्त्राण घालून गेला, आणि दोन्ही फोटो झकास आले. ओढणी, मफलर, सैल टोपी, कानातले डूल, गळ्यातली साखळी, खिशातली नाणी, सगळं खाली. फोनसुद्धा. "मी घट्ट धरीन" हे वाक्य मी ऐकूनच घेत नाही. कॅमेरा हवा असेल तर सांगाड्यावर पक्का बसवलेला असतो, त्याचं चित्रण मिळतं. लांब केसांची वेणी घालून ती जॅकेटच्या आत. मऊ आणि सपाट तळव्याचे बूट, खाचांत खडे अडकलेले नकोत.

थंडीचा अंदाज हमखास चुकतो. खाली १० अंश असतील तर त्या वाऱ्यात अंगाला जेमतेम २-३ अंश असल्यासारखं वाटतं. अंगाला चिकटून बसणारे दोन-तीन थर घाला. फुगणारं जाड जॅकेट नको, वारा आत शिरला की ते गळ्यापाशी फडफडून हैराण करतं.

उपाशीपोटी येऊ नका. भरपेट खाऊनही नको.

वजन खोटं सांगू नका. इथे तर मला खरंच राग येतो. मूळ स्टीअरमनचं इंजिन २२० अश्वशक्तीचं होतं. या कामासाठी वापरतात त्या विमानांना ४५० अश्वशक्तीचं प्रॅट अँड व्हिटनी बसवतात, कारण वर उभा माणूस आणि सांगाडा मिळून वाऱ्याला प्रचंड अडथळा करतात. ताशी १६० किलोमीटरला एका माणसावर वाऱ्याचा रेटा साधारण ६० किलोंच्या वजनाइतका असतो. वेग निम्मा केला की रेटा पावपट होतो, इतका तो वेगावर अवलंबून असतो. वैमानिक आजची हवा, गवताचा ओलावा, धावपट्टीची लांबी आणि तुमचं वजन यांचा हिशेब मांडून उडतो. इंजिनही कधीतरी दगा देतंच. २०२१ च्या सप्टेंबरात इंग्लंडातल्या बोर्नमथच्या विमानमेळ्यात असं एक विमान 'पूल' नावाच्या बंदराच्या पाण्यात उतरवावं लागलं होतं. वैमानिक आणि पंखावरची कलाकार, दोघंही वाचले. अशा क्षणी वैमानिकाचा हिशेब खरा असावा लागतो. म्हणून मी काटा ठेवते आणि सगळ्यांना बुटांसकट उभं करते.

माझी दुसरी लाडकी चूक म्हणजे उड्डाणाआधीच्या सूचना न ऐकणं. वर गेल्यावर बोलणं अशक्य, इंजिन आणि वारा मिळून सगळे आवाज गिळतात. म्हणून हाताच्या खुणा ठरलेल्या असतात. अंगठा वर म्हणजे मजेत आहे, अंगठा खाली म्हणजे मला उतरवा. एक गृहस्थ सूचना चालू असताना बायकोला व्हिडिओ कॉल करून विमान दाखवत होते. मी दोनदा हटकलं. "हो हो, कळलं" म्हणाले. वर गेल्यावर त्यांना सूर मारून खाली झेपावायचं होतं, म्हणून त्यांनी मोठ्या उत्साहाने अंगठा खाली दाखवला. वैमानिकाने वळसा घेतला आणि सरळ आणून उतरवलं. गृहस्थ चिडले, "मी तर अजून मागत होतो!" वैमानिकाने अगदी योग्य तेच केलं. मागे बसलेल्या माणसाने खूण बघून तुमच्या मनातलं ओळखत बसायचं का? आता मी प्रत्येकाकडून खुणा उलट विचारून घेते, आणि ज्याला येत नाहीत त्याचे पट्टे बांधत नाही.

श्वासाचंही त्याच वेळी सांगितलेलं असतं. समोरून वारा तोंडात घुसला की श्वास कोंडल्यासारखं होतं आणि नवखा माणूस घाबरून तोंड आणखी उघडतो. तोंड मिटा, हनुवटी थोडी खांद्याकडे वळवा, नाकाने श्वास घ्या. वाऱ्याशी झटापट करू नका, पाठ सांगाड्याला सोडून द्या. मग हात पसरता येतात आणि खालची शेतं बघायची शुद्ध राहते. नव्वदी उलटल्यावरही पंखावर उडणारे टॉम लॅकी इंग्लंडात होऊन गेले. ताकदीपेक्षा निवांतपणा लागतो.

हवा बिघडून उड्डाण रद्द झालं तर हुज्जत घालू नका. पावसाचा थेंब त्या वेगाला सुईसारखा टोचतो. "माझं परतीचं तिकीट काढलंय" हे कारण आडव्या वाऱ्याला समजत नाही. पुढची तारीख घ्या.

आणि पहिल्याच वेळी "पट्टा न लावता चालायचंय" म्हणणाऱ्यांसाठी. अमेरिकेतला ऑर्मर लॉकलियर उडत्या विमानाच्या पंखांवर फिरायचा, पण तो स्वतः सैन्यातला वैमानिक होता, विमानाची तार न् तार त्याला ठाऊक होती. तरी १९२० मध्ये लॉस एंजेलिसला चित्रीकरणासाठी विमान उडवताना तो गेला. खरोखर पंखावर चालायचंच असेल तर अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या सीक्विमला हौशी लोकांना ते शिकवतात. तिथेही आधी जमिनीवर उभ्या विमानावर पुन्हा पुन्हा सराव करून घेतात, आणि वर गेल्यावर दोरी असतेच. दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले हवेत, चौथाच हलवायचा. तो सराव कंटाळवाणा वाटत असेल तर हा नाद तुमच्यासाठी नाही.

उतरतानाची चूक शेवटी सांगते, कारण तेव्हा सगळे बेसावध असतात. चाकं टेकली की लोक स्वतःच बकल उघडायला लागतात. हात लावू नका, विमान गवतावरून उसळत असतं. विमानाच्या नाकावरचा फिरता पंखा थांबेपर्यंत उभे राहा, मी वर येते. थंडीने पाय बधिर झालेले असतात, म्हणून तोंड विमानाकडे करून, उलटं, एकेक पाऊल टाकत त्याच काळ्या पट्टीवर यायचं. घरच्यांना आधीच बजावून ठेवा: कुंपणाच्या बाहेर थांबायचं. फिरता पंखा समोरून जवळजवळ दिसत नाही, आणि आनंदात धावत येणारं लहान मूल नेमकं समोरूनच येतं. मी बोलावते तेव्हाच या, आणि येताना शेपटीच्या मागून वळसा घालून या.