मागचे डिफरेन्शियल उतरवण्यापूर्वी भरणीचा बोल्ट आधी सैल करा

जुन्या गाडीचे मागचे डिफरेन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन्ही चाकांना वाटून देणारा गिअरसंच, उतरवताना तेल काढण्याचा खालचा बोल्ट प्रथम उघडण्याचा मोह होतो. परंतु वरचा भरणीचा बोल्ट गंजून अडकलेला असेल, तर रिकाम्या डिफरेन्शियलमध्ये नवे तेल भरायचे कसे, हा प्रश्न उभा राहतो, म्हणून तोच आधी सैल करून पाहावा. गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवावी. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून डिफरेन्शियलला फिरवणारा लांब दांडा) सोडण्यापूर्वी दोन्ही फ्लँजांवर, म्हणजे बोल्टने एकमेकांना जोडलेल्या चकत्यांवर, जुळणारी खूण करावी, कारण तो फिरवून बसवल्यास गाडी थरथरू शकते. अखंड ॲक्सलमधील (दोन्ही मागची चाके जोडणाऱ्या एकसंध आसातील) डिफरेन्शियल पुढच्या बाजूने निघणारे असेल, तर दोन्ही बाजूंचे ॲक्सल शाफ्ट, म्हणजे चाके फिरवणारे दांडे, आधी बाहेर ओढावे लागतात, आणि हे काम बोल्ट काढण्यापेक्षा जास्त वेळ खाते. हा भाग चांगलाच जड असतो. तो छातीवर झेलण्याचे धाडस करू नये, खाली जॅक लावावा. बदली डिफरेन्शियलचे गिअर गुणोत्तर मूळ भागाइतकेच आहे ना, हे दोन्हींवरील दात मोजून ताडून घ्यावे; उदाहरणार्थ, क्राऊन व्हीलला (आतल्या मोठ्या गिअरला) ४१ आणि पिनियनला (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरला) १० दात असल्यास गुणोत्तर ४.१ येते.