कृष्ण मेनन यांच्यावर दहा मिनिटांचं भाषण कसं बांधावं

वक्तृत्व स्पर्धेत मेनन हा विषय मिळाला की बहुतेक वक्ते १९६२च्या पराभवापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. निकाल आधीच ठरला की पुरावे नुसते डकवले जातात. म्हणून लिहायच्या आधी कोऱ्या कागदावर तारखा मांडा. एप्रिल १९५७ संरक्षणमंत्री, ऑगस्ट १९५९च्या अखेरीस लष्करप्रमुख थिमय्यांचा राजीनामा, जो नेहरूंनी समजूत घातल्यावर मागे घेतला गेला, मे १९६१मध्ये थापर लष्करप्रमुख, डिसेंबरात गोवा, २० ऑक्टोबर १९६२ चीनचा हल्ला, महिनाअखेरीस मेनन यांच्याकडचं संरक्षण खातं काढलं, ७ नोव्हेंबरला ते मंत्रिमंडळाबाहेर. थिमय्यांचा राजीनामा युद्धामुळे आला, ही नेहमीची चूक इथेच पकडली जाते.

दहा मिनिटं म्हणजे हजार-अकराशे शब्द. विचारांना दोन मिनिटं पुरतात: डावा कल, अलिप्ततावाद, पाश्चात्त्य शस्त्रांवर विसंबण्याला विरोध, आणि खरा धोका पाकिस्तानचा ही धारणा. ‘डावे होते म्हणून हरलो’ असं मात्र म्हणू नका. चीन मोठा हल्ला करणार नाही, असं नेहरूंनाही वाटत होतं आणि परकीय चलनाची चणचणही खरी होती.

चार मिनिटं सेनानेतृत्वासाठी राखा. खरा वाद तिथेच आहे. कोल्हापूरकराकडे इथे घरचा धागा आहे, लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात. पूर्व विभागाचे प्रमुख असताना त्यांनी १९५९मध्ये नेफाच्या (आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या) बचावाचा आराखडा दिला: सीमेलगत फक्त टेहळणीच्या चौक्या, मुख्य लढाई मागे, जिथे रसद पोहोचते तिथे. मार्च १९६०मध्ये लखनौला ‘लाल किला’ सराव झाला, त्यात साधनांची तूट उघडी पडली. थिमय्यांना आपल्यामागे थोरात हवे होते, सरकारने थापर निवडले. हे सांगताना दोन गोष्टी झाकू नका: थापर सेवाज्येष्ठ होते, आणि मेनन यांनी आराखडा झटकून टाकला ही हकीकत मुख्यतः थोरातांनीच सांगितलेली आहे. ‘थोरातांच्या म्हणण्यानुसार’ एवढे दोन शब्द घातले तरी परीक्षकाचा विश्वास बसतो. मेनन यांच्यावरचा जास्त वजनदार आक्षेप लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांच्याबद्दलचा: लढाईतल्या नेतृत्वाचा अनुभव तुटपुंजा असताना त्यांना बढती मिळाली आणि युद्धात नेफात लढणारी लष्कराची चौथी कोअर त्यांच्याच हाती होती.

जमेची बाजू दीड मिनिटात: १९५८मध्ये डीआरडीओ ही संरक्षण संशोधन संस्था, जून १९६१मध्ये मारुत या देशी लढाऊ विमानाचं पहिलं उड्डाण, त्याच महिन्यात साताऱ्याला देशातली पहिली सैनिक शाळा.

सुरुवातीला सनावळी वाचू नका. शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन १८ नोव्हेंबर १९६२चं. त्याच सुमारास नेफात से-ला आणि बोमडिलाची फळी कोसळत होती. तिथून बोलायला लागा, सभागृह लगेच जागं होतं. शेवटी यशवंतराव आणा: मेनन यांच्यानंतर संरक्षण खातं सांभाळायला गेले ते राजाराम कॉलेजचेच विद्यार्थी.

संदर्भासाठी करवीर नगर वाचन मंदिर आणि विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय गाठा. लोकसभेतल्या चर्चा मूळ स्वरूपात वाचा, कारण मेनन यांची उद्धृतं तुकड्यांत फिरतात. प्रश्नोत्तरात १९६२च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल हमखास निघतो. सरकारने तो अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही, २०१४मध्ये त्याचा काही भाग बाहेर आला, एवढंच ठामपणे सांगा.