रत्नागिरीला दोघंच जाणार असाल तर: तयारीची यादी

रत्नागिरी म्हटलं की लोक थेट गणपतीपुळ्याची खोली बघायला लागतात. दर्शन घ्यायचं, समुद्रावर जायचं, परत यायचं, आणि मधलं शहर गाडीच्या काचेतून बघायचं. दोघांनीच निवांत फिरायचं असेल तर हे उलटं करा. मुक्काम शहरात ठेवा आणि उत्तरेचं पुळं, दक्षिणेचं पावस, वरचे सडे (जांभ्या दगडाचे उघडे, सपाट माळ) असं एकेका दिवशी करून संध्याकाळी परत शहरात या. चार रात्री मिळाल्या तर उत्तम, तीनमध्येही जमतं. या बेताची तयारी बॅगेपासून सुरू होत नाही, कॅलेंडरपासून होते. म्हणून यादीही तिथूनच.

आधी महिना ठरवा. हवा चांगली हवी असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी. आंबा खायचा असेल तर एप्रिलचा उत्तरार्ध ते मे, पण मग दुपारी अकरा ते चार घरात बसायची तयारी ठेवा. मार्चमध्ये आंबा असतो, पण थोडा आणि महाग. त्याऐवजी त्या दिवसांत ओले काजू मिळतात आणि ओल्या काजूंची उसळ हे एकच कारण मार्चमध्ये जायला पुरेसं आहे. मासे खाणाऱ्यांनी 1 जून ते 31 जुलै हे दिवस टाळावेत, तेव्हा यांत्रिक मासेमारीला बंदी असते. सड्यावरची फुलं बघायची असतील तर ऑगस्ट अखेर ते सप्टेंबर. कातळावर साठलेल्या पाण्याच्या कडेने सीतेची आसवं निळीजांभळी पसरलेली असतात. मात्र तेव्हा समुद्रात पाय घालायचा नाही, हे आधीच दोघांनी मान्य करून निघा. गणपती आणि शिमगा या दोन्ही वेळी गाड्या चाकरमान्यांनी भरलेल्या असतात. शिमग्यात रत्नागिरीच्या ग्रामदैवताची, भैरीची पालखी बघायची म्हणून मुद्दाम जाणार असाल तर जरूर जा, पण त्या दिवसांत किल्ले आणि समुद्र बाजूला ठेवा. अंगारकी कधी आहे तेही पाहा. त्या दिवशी पुळ्याला फिरायला जाण्यात अर्थ नाही.

महिना ठरला की तिथी बघा. किनाऱ्यावर फिरणाऱ्याला भरती-ओहोटी कळली नाही तर निम्मा प्रवास फुकट जातो, आणि ती काढायला ॲप लागत नाही. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी पाच-साडेपाचला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा. याचा उपयोग असा, की संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर ओल्या, घट्ट वाळूवरून लांबवर चालत जायचं असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आगेमागे जावं. अष्टमी-नवमीला गेलात तर सूर्यास्ताच्या वेळी पाणी वर चढलेलं असतं आणि चालायला पट्टा थोडाच उरतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाणही मोठं असतं, तेव्हा दुपारी खडकांवर बसायचं नाही.

आता तिकीट. कोकण रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि सुट्ट्यांच्या गाड्या पहिल्या सकाळीच भरतात, म्हणून जायचं आणि यायचं तिकीट त्या त्या दिवशी सकाळी आठला बसूनच काढा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश धावतात. जुन्या वेळेवर विसंबू नका. रत्नागिरी स्टेशन गावापासून पाच-सहा किलोमीटर लांब आहे, तेव्हा रात्री उशिरा पोचणारी गाडी घेतली तर मुक्कामाच्या ठिकाणी सांगून रिक्षा ठरवून ठेवा. मुंबईकडून येताना उक्षी गेलं की करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. त्यातून बाहेर आलात की सामान आवरायला घ्या. कोल्हापूर-सांगलीकडून येणाऱ्यांना आंबा घाट. ज्याला वळणांचा त्रास होतो त्याने गोळी घाट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी घ्यावी, साखरप्यात उतरल्यावर घेऊन उपयोग नाही.

राहायला शहरात मांडवी, भाट्ये किंवा थिबा पॉइंटच्या बाजूला बघा. फोन करताना तीन गोष्टी विचारा: जेवण घरी मिळतं का, दुपारच्या जेवणाचं किती वाजेपर्यंत सांगावं लागतं, आणि पाणी दिवसभर असतं का. घरगुती जेवण देणारी माणसं सकाळी सांगितल्यावर बाजारात जातात. दीड वाजता जाऊन ‘काय आहे’ विचारलंत तर उरलंसुरलं मिळेल. सकाळी सांगितलंत तर सुरमई कापून येईल, कुळथाची पिठी होईल, मोदक हवे असतील तर मोदकही होतील. दोघांपैकी एक शाकाहारी असेल तर तेही फोनवरच स्पष्ट सांगा. डाळिंब्यांची उसळ, फणसाची भाजी, घावणे असं सुरेख जेवण होतं, पण सांगितलं तरच. दोघांची ओळखपत्रं मूळ स्वरूपात बरोबर ठेवा, एकाच्या आधारवर काम भागत नाही.

कुठे जायचं हे निघण्याआधी दोघांनी बसून ठरवा, आणि प्रत्येकाने आपल्या दोन जागा सांगाव्यात, ज्या काही झालं तरी सुटणार नाहीत. बाकीचं जमेल तसं. हे मी कळकळीने सांगते, कारण दोघांच्या सहलीत रुसवे होतात ते पैशांवरून नव्हे, ‘मला तिथे जायचं होतं’ यावरून. एक संध्याकाळ रिकामी ठेवा. ती कशाने भरायची ते तिथे गेल्यावर कळेल.

शहरासाठी एक अख्खा दिवस द्या. सकाळी उन्हाआधी रत्नदुर्ग. तीन बाजूंनी समुद्र असलेला, घोड्याच्या नालेसारखा पसरलेला किल्ला, बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ आणि खाली मिरकरवाड्याचं बंदर. बंदरात मासे उतरताना बघायचे असतील तर पायात बंद बूट नकोत, धुता येणाऱ्या चपला हव्यात, आणि फोटो काढण्याआधी विचारायचं. ती माणसं कामात असतात. मग टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर, आणि पतितपावन मंदिर. सावरकर स्थानबद्धतेत असताना 1931 मध्ये भागोजीशेठ कीरांनी सर्व जातींना खुलं असं हे देऊळ बांधून दिलं.

संध्याकाळ थिबा राजवाड्याला. सोमवारी ठेवू नका. इथे जाण्याआधी थोडं वाचून जा, नाहीतर रिकाम्या दालनांत दहा मिनिटांत फिरून बाहेर याल. 1885 मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला, तिथला राजा थिबा आणि त्याची राणी यांना आधी मद्रासला आणि 1886 मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. हा वाडा तयार झाला 1910 मध्ये, म्हणजे राजा या गावात चोवीसेक वर्षं दुसऱ्या घरांत राहिल्यावर. 1916 मध्ये तो इथेच वारला. राणी सुपयालत 1919 मध्ये ब्रह्मदेशी परतली, राजा मात्र गावातल्या थडग्यात राहिला. हे माहीत असलं की उतरत्या छपरांचा, अर्धगोल लाकडी खिडक्यांचा तो तांबडा वाडा आणि तिथून दिसणारी भाट्याची खाडी वेगळी दिसते. आपल्या देशाकडे नेणारं पाणी रोज समोर दिसायचं आणि जाता यायचं नाही. थिबाचं थडगंही बघून या. तिथे फारसं कुणी जात नाही, म्हणून तर जावं.

उत्तरेच्या दिवसासाठी आरे-वारेचा किनाऱ्याचा रस्ता धरा, गणपतीपुळं पंचवीसेक किलोमीटर आहे. सकाळी लवकर दर्शन, डोंगराची प्रदक्षिणा (ती अनवाणी करायची असेल तर ऊन चढण्याआधी) आणि मग मालगुंडला केशवसुतांचं घर. पुळ्याचा समुद्र फसवा आहे, इथे माणसं बुडालेली आहेत. गुडघाभर पाण्याच्या पुढे जायचं नाही, आणि दोघांनी एकदम पाण्यात उतरायचं नाही, एकाने काठावर थांबायचं. फोटोसाठी पाठ समुद्राकडे करून उभं राहू नका. वेळ उरला तर जयगडचा किल्ला. तिथून फेरीबोटीत गाडीसकट तवसाळला उतरता येतं, म्हणजे गुहागर-हेदवीचा रस्ता उघडतो, पण तो दुसऱ्या सहलीसाठी ठेवावा असं माझं मत.

दक्षिणेचा दिवस मला जास्त आवडतो. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपाशी थोडं शांत बसा. जवळच गणेशगुळे. ‘गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला’ ही म्हण तिथल्या माणसाच्या तोंडून ऐका. पुढे मुचकुंदी नदीच्या मुखावरचा छोटासा पूर्णगड किल्ला, मग आडिवऱ्याची महाकाली आणि कशेळीचा कनकादित्य, सूर्याचं देऊळ, जिथे रथसप्तमीला मोठा उत्सव होतो. इकडे एसटी आहे, पण फेऱ्या जपून. येताना शेवटची गाडी किती वाजता ते उतरतानाच कंडक्टरला विचारा. 2023 पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं आहे, तेव्हा दोघांचं मिळून दीड. दिवसभर चार-पाच जागा करायच्या तर रिक्षा ठरवणं परवडतं, भाडं आणि थांबे निघण्याआधी बोलून घ्या.

कातळशिल्पांसाठी, म्हणजे सड्यावरच्या कातळात कोरलेल्या चित्रांसाठी, वेगळी तयारी लागते. उक्षी, जांभरुण, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू, रुंढेतळी या जागांसह कोकणातली ही चित्रं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. रत्नागिरीतून उक्षी सोयीचं. सड्यावर हत्ती कोरलेला आहे आणि गावाने त्याभोवती कठडा घालून तो जपला आहे. दुपारी बाराला गेलात तर काळपट तांबडा जांभा आणि त्यावर काही चरे, एवढंच दिसेल. सकाळी आठाच्या आत किंवा साडेचारनंतर जा. ऊन तिरकं पडलं की खोदलेल्या रेघेत सावली भरते. मग आधी सोंड सापडते, मग पाय, आणि पाठीची रेघ डोळ्यांनी धरून गेलात की अख्खा हत्ती जमिनीवर आडवा दिसतो. रेघांवर पाय देऊ नका, पाणी ओतून किंवा खडूने रेघ उठवून फोटो काढू नका. सड्यावर झाड नाही, दुकान नाही, सावली नाही. प्रत्येकी दीड-दोन लिटर पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि खाचा असलेल्या तळव्यांचे बूट हवेतच. फोनला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या आणि रस्ता गावात विचारा.

बॅग हलकी भरा. सुती कपडे, देवळांसाठी एक बऱ्यापैकी जोड, पंचा, वाळू लागली तरी चालेल अशी एक जुनी चादर, विजेरी, डासांचं मलम, ओआरएसची पाकिटं, नेहमीची औषधं दोघांची वेगवेगळ्या पाकिटांत. रोख पैसे, त्यातही शंभर-पन्नासच्या नोटा. आतल्या गावांतल्या टपरीवर मोबाइलने पैसे जातीलच असं नाही.

आणि एक रिकामी पिशवी घ्या. परतताना आमसुलं, फणसपोळी, आंबापोळी, कुळथाचं पीठ, काजू हे येणारच. आंबे घेणार असाल तर रस्त्यावरच्या ‘हापूस’ पाटीवर जाऊ नका, राहता त्या घरी विचारून बागायतदाराकडून घ्या, आणि रेल्वेने न्यायचे म्हणून अर्धवट पिकलेले, गवतात रचलेले मागा. घरी पोचल्यावर पेटी लगेच उघडून वारा लागू द्या. कोकमाचं आगळ (घट्ट रस) घेतलंत तर बाटलीचं झाकण चिकटपट्टीने बांधून दोन प्लास्टिक पिशव्यांत घाला आणि कपड्यांच्या बॅगेत ठेवूच नका. आगळाचा डाग सुती कपड्यावरून जात नाही.