तोंडाचा कॅन्सर वेळेत पकडायचाय? आरसा, टॉर्च आणि महिन्यातून पाच मिनिटं काढा

कॅन्सर म्हटलं की डोळ्यासमोर स्कॅन आणि महागड्या टेस्ट येतात. पण तोंड असं आहे की उघडलं की आतलं बरंचसं दिसतं, आणि तरी लोक डॉक्टरकडे उशिरा पोचतात, कारण सुरुवातीला दुखतच नाही. माझ्या मामांच्या जिभेच्या कडेला छोटीशी जखम होती, दात टोचतोय म्हणून चार महिने नुसतं जेल लावत बसले, कोणीच आत नीट डोकावून बघितलं नाही. म्हणून हे लिहितेय.

आधी सगळ्यात मोठी गोष्ट. तंबाखू (ओढायची असो की चघळायची), सुपारी आणि दारू ही तोंडाच्या कॅन्सरची मुख्य कारणं आहेत, आणि तंबाखू आणि दारू दोन्ही असेल तर धोका नुसता बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो. नुसती सुपारी चालते असं पुष्कळांना वाटतं, पण तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कॅन्सर करते. हे सोडलं की धोका हळूहळू कमी होत जातो, वर्षानुवर्षांची सवय असली तरी. एकट्याने जमत नसेल तर निकोटिन गम किंवा पॅच आहेत, डॉक्टरांना विचारून घ्या, त्यात लाज कसली.

आता तपासणी. महिन्यातली एक तारीख ठरवून टाका. हात धुवा, कवळी असेल तर काढून ठेवा, आरशासमोर उभं राहा आणि मोबाईलचा टॉर्च लावा. पहिल्यांदा चेहरा आणि मान दोन्ही बाजूंनी सारखी आहे का बघा, जबड्याखाली आणि मानेवर बोटं फिरवून गाठ लागते का ते चाचपा. मग ओठ उलटून आतून बघा, गाल बोटाने बाहेर ओढून अगदी मागच्या दाढेपर्यंत बघा, हिरड्या बघा, मान मागे टाकून टाळू बघा. जिभेला जास्त वेळ द्या. टोक स्वच्छ रुमालाने धरून आधी एकीकडे ओढा, मग दुसरीकडे, कारण कडेचा मागचा भाग एरवी दिसतच नाही आणि घोळ बऱ्याचदा तिथेच असतो. जीभ टाळूला लावून खालची जागा बघा, तिथे बोटही फिरवा. शेवटी स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात जातात का बघा. आधी जात होती आणि आता जात नाहीत, म्हणजे तोंड उघडणं कमी झालंय, सुपारी खाणाऱ्यांनी तर हे अजिबात अंगावर काढू नये.

शोधायचं काय? पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा (हा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा), कडा कडक असलेली जखम, गाठ, कारण नसताना हलणारा दात, बधिरपणा, गिळताना अडकल्यासारखं होणं. यातलं काहीही दोन आठवड्यांत गेलं नाही तर दाखवायचंच, दुखत नसलं तरी. आणि टोचणारा दात किंवा घासणारी कवळी असेल तर तीही लगेच ठीक करून घ्या, म्हणजे जखम त्यामुळेच होती का ते दोन आठवड्यांत कळतं.

पहिल्यांदा बघताना घाबरायला होतं, म्हणून सांगते, जिभेच्या अगदी मागे ओळीत मोठे फुगीर ठिपके असतात, गालाच्या आत दातांच्या रेषेत पांढरट रेघ असते, वरच्या दाढेसमोर गालावर छोटा उंचवटा असतो जिथून लाळ येते. हे सगळं नॉर्मल आहे. पहिल्याच महिन्यात फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी नवीन काय ते लगेच लक्षात येतं.

नुसतं बघून काय होणार असं वाटत असेल तर तिरुवनंतपुरमचा अभ्यास बघा. 1996 मध्ये सुरू झाला, 2005 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. ट्रेनिंग दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन उजेडात तोंडं तपासली, आणि तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे 34% कमी झाले. अर्थात ती तपासणी शिकलेल्या माणसांनी केली होती, त्यामुळे आरशासोबत वर्षातून एकदा डेंटिस्टलाही दाखवा. आता तर मोबाईलवर काढलेले फोटो लांबच्या तज्ज्ञाला पाठवून बघून घ्यायचे प्रयोगही चालू आहेत.

आता हिरड्या. फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम नावाचा तोंडातला जंतू मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या गाठींमध्ये सापडतो, 2024 च्या एका अभ्यासात त्याचा एक विशिष्ट प्रकार तपासलेल्या जवळपास निम्म्या गाठींमध्ये निघाला. म्हणून ब्रश केला की आतड्याचा कॅन्सर टळतो असं अजून सिद्ध झालेलं नाही, तसं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण हिरड्यांचा आजार थांबवायला पैसे फार लागत नाहीत, आणि दात वाचतात हे तर नक्कीच. मऊ ब्रश, फ्लोराईडची टूथपेस्ट (2021 पासून डब्ल्यूएचओच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे), दिवसातून दोनदा दोन मिनिटं. ब्रश हिरडीकडे तिरका धरा आणि हलक्या हाताने छोटे गोल फिरवा, घासघास घासू नका. नंतर नुसतं थुंका, खळखळून चूळ भरू नका, नाहीतर फ्लोराईड वाहून जातं. दातांच्या फटीतून रात्री दातांसाठीचा दोरा (फ्लॉस) किंवा बारीक ब्रश फिरवा. पहिले काही दिवस रक्त येईल, पण म्हणून थांबायचं नाही, दोन आठवड्यांनीही येत राहिलं तर मात्र दाखवा.

अल्कोहोलवाल्या माऊथवॉशवर पैसे घालवायची घाई करू नका. 2024 मध्ये बेल्जियममधल्या एका छोट्या अभ्यासात तीन महिने रोज वापरल्यावर हाच फ्युसोबॅक्टेरियम उलट वाढलेला दिसला.

घरात 9 ते 14 वयाची मुलं असतील तर एचपीव्हीच्या लशीबद्दल विचारा. घशाच्या मागच्या भागातल्या बऱ्याच कॅन्सरमागे एचपीव्ही 16 हा व्हायरस असतो आणि तो भाग आरशात नीट दिसतही नाही. डिसेंबर 2022 पासून डब्ल्यूएचओ म्हणते की या वयाच्या मुलींना एक डोसही चालतो, म्हणजे खर्च आणि फेऱ्या दोन्ही वाचतात.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं तोंड तुम्ही स्वतः टॉर्च धरून बघा, त्यांना जिभेची कड आरशात नीट दिसत नाही आणि कवळीखालची जखम तर ते सांगतही नाहीत.