अव्होकॅडोची बाग आणि पाणीटंचाई : उन्हाळ्यात काय सांभाळावे

पाणी कमी पडणार असे दिसू लागले की पहिला प्रश्न येतो, झाडे तग धरतील का? अव्होकॅडोचे मोठे, निरोगी झाड सहसा मरत नाही. पण पीक हातचे जाते, आणि फांद्या होरपळल्या तर पुढच्या हंगामाचेही.

हे झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या दमट, डोंगराळ जंगलांतले. तिथे जमिनीवर पालापाचोळ्याचा जाड थर असतो आणि पांढरी मुळे त्याच्यातच पसरतात. बागेतही झाडाची तीच खोड. पाणी ओढणारी बहुतेक मुळे वरच्या फूटभर मातीत, आणि त्यांना मूळकेस, म्हणजे पाणी शोषणारे बारीक केस, अगदी कमी. त्यामुळे वरचा थर सुकला की खाली ओल असली तरी झाडाला ती फारशी मिळत नाही. टंचाईत जपायचा आहे तो हा वरचा फूटभर थर.

कडक उन्हात झाड पानांची रंध्रे मिटून घेते. पाणी वाचते, पण पानात अन्न तयार होणे मंदावते. ताण लांबला तर पाणी दिल्यावरही रंध्रे पूर्ववत उघडायला काही दिवस जातात. झाडावर फळे असतील तर दुपारी पाने त्यांच्यातलेही पाणी ओढतात. फळ दिवसा किंचित आकसते, रात्री पुन्हा भरते. रात्रीही भरेनासे झाले की फळगळ सुरू होते. अशा वेळी देठ हातात धरून नीट पाहा. त्याच्याभोवती तपकिरी, सुकलेले कडे दिसले तर ताण बसून गेलेला आहे. ते फळ टिकले तरी बऱ्याचदा लहान राहते.

डाळिंबाला किंवा संत्र्याला पाणी तोडून बहार धरायची सवय असेल, तर ती इथे आणू नका. अव्होकॅडोचा मोहोर प्रामुख्याने थंडीने लागतो, ताणाने नाही. मोहोर, फळधारणा आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने हाच सर्वांत नाजूक काळ. पाणी राखून ठेवायचे तर या दिवसांसाठी ठेवा.

आता सगळ्यात जास्त फसगत होते ती जागा. पाने मलूल होऊन लोंबली म्हणजे झाड तहानलेलेच, असे नाही. फायटोप्थोरा या मातीतल्या बुरशीसारख्या रोगजंतूमुळे होणाऱ्या मूळकुजीतही झाड अगदी असेच दिसते. मुळे काळी पडून कुजलेली असतात, त्यामुळे माती ओली असूनही पाणी वर चढत नाही. अशा झाडाला आणखी पाणी म्हणजे रोगाला खतपाणीच. म्हणून कॉक उघडण्याआधी ड्रिपरपासून थोडे बाजूला वीतभर उकरा. माती मुठीत दाबल्यावर गोळा होत नसेल तर पाणी द्या. चिकट ओल लागली आणि मुळे काळी, ठिसूळ दिसली तर पाणी थांबवून रोगाचा बंदोबस्त करा. टेन्शिओमीटर (मातीतली ओल दाखवणारे यंत्र; आकडा जितका मोठा तितकी माती कोरडी) असेल तर तो 30 सेंटीमीटर खोलीवर बसवा. मध्यम जमिनीत काटा 25 ते 30 सेंटीबारवर आला की पाण्याची वेळ झाली, रेताड जमिनीत त्याआधीच.

मुळे उथळ असल्यामुळे थोडे-थोडे पण वरचेवर पाणी मानवते. मात्र त्यात एक मेख आहे. टंचाईत उरलेले पाणी बहुधा खारट होत जाते, आणि थोड्या पाण्याने क्षार मुळांपाशीच साठतात. अव्होकॅडो क्षारांना, विशेषतः क्लोराइडला, फार हळवे. जुन्या पानांची टोके आणि कडा करपू लागल्या की हाच संशय घ्या आणि पाणी तपासून आणा. लिटरमागे 100 मिलिग्रॅमच्या वर क्लोराइड म्हणजे काळजीचे कारण. निचरा चांगला असेल तर अधूनमधून एक भरपूर पाळी देऊन क्षार खाली धुऊन काढा. पालाश द्यायचे असेल तर क्लोराइड असलेले म्युरेट ऑफ पोटॅश टाळून सल्फेट ऑफ पोटॅश वापरा. नत्राचा हात आखडता ठेवा, कारण कोवळी पालवी फुटली की पाण्याची मागणी वाढते.

आच्छादनाइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. लाकडाचा जाडसर भुगा आणि झाडाचीच गळलेली पाने 10 ते 15 सेंटीमीटर जाडीने पसरा, बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडा. झाडाखाली झाडू मारून स्वच्छ अंगण करण्याची हौस इथे महागात पडते. कुदळणी-वखरणीही नको, पांढरी मुळे तुटतात.

पाने गळून फांद्या उघड्या पडल्या असतील तर खरा धोका उन्हाचा. अव्होकॅडोची साल उन्हाने पटकन भाजते आणि पुढे तिथूनच फांदी वाळते. पाण्यात मिसळणारा पांढरा रंग तेवढ्याच पाण्यात पातळ करून खोडाला आणि दुपारचे ऊन येणाऱ्या फांद्यांना लावा. अशा दिवसांत भारी छाटणी करू नका.

पाणी खरोखरच निम्म्यावर आले तर सगळ्या बागेला अर्धपोटी ठेवण्यापेक्षा निवड केलेली बरी, असे माझे मत. चांगली फळे देणाऱ्या झाडांना पुरते पाणी द्या. उरलेली, म्हातारी किंवा दाटीतली झाडे कमरेच्या-छातीच्या उंचीवर कापून खोड पांढरे रंगवा. पानेच नसल्याने त्यांची गरज अगदी थोडी राहते. दक्षिण कॅलिफोर्नियात 2008 साली सवलतीच्या शेतीपाण्यात 30 टक्के कपात झाली, तेव्हा अनेक बागायतदारांनी हाच मार्ग धरला होता. मुळे निरोगी असतील तर असे झाड पुन्हा फुटते आणि दोन-तीन वर्षांत फळावर येते. मूळकुज लागलेल्या झाडावर हा प्रयोग वाया जातो.

नव्या लागवडीला मात्र यातली कोणतीच सवलत नाही. रोपांचा मातीचा गोळा एका कडक दिवसात सुकू शकतो. त्यांना थोडे पण वारंवार पाणी, वर सावलीची जाळी, आणि आलेला मोहोर खुडून टाकणे एवढे कराच.

पाऊस झाल्यावर वाळक्या दिसणाऱ्या फांद्यांवर लगेच करवत चालवू नका. नवी पालवी कुठपर्यंत फुटते ते आधी दिसू द्या, मग जिवंत भागापर्यंत कापा. खताचा पहिला हप्ताही पांढरी मुळे पुन्हा सुटलेली दिसल्यावरच, आणि तोही अर्धा.