भविष्यकाळाच्या चित्रपटात आजची भीती कशी शोधावी

सरावासाठी ‘चिल्ड्रन ऑफ मेन’ घ्या. कथा २०२७ च्या ब्रिटनची, जगात मुलं जन्मायची थांबलीत तेव्हाची; चित्रपट २००६ चा. पहिल्यांदा न थांबता पाहा. दुसऱ्यांदा आवाज बंद करा आणि नायकाऐवजी त्याच्या मागे काय चाललंय ते बघा. दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोनचा कॅमेरा मधूनच नायकाला सोडून बाजूला वळतो. रेल्वे स्थानकावर पिंजऱ्यात कोंडलेले निर्वासित दिसले, की पॉज दाबा आणि वहीत टिपा.

मग प्रदर्शनाआधीची चार-पाच वर्षं तपासा. बेक्सहिल या गावातल्या निर्वासितांच्या छावणीत डोक्यावर बुरखा चढवलेला, हात पसरून उभा असलेला कैदी दिसतो. इराकमधल्या अबू घरेब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी केलेल्या कैद्यांच्या छळाची छायाचित्रं २००४ मध्ये बाहेर आली होती. सुरुवातीला लंडनच्या कॅफेत स्फोट होतो आणि खुद्द लंडनमध्ये जुलै २००५ मध्ये बॉम्बस्फोट झाले होते. पण इथे घाई नको: नुसत्या तारखा जुळल्या म्हणून एकातून दुसरं निघालं असं ठरत नाही.

हमखास चुकतं ते उलट दिशेने. २०१६ चं ब्रेक्झिट २००६ च्या चित्रपटात कोंबलं जातं. म्हणून वहीत दोन रकाने आखा: चित्रपट करणाऱ्यांची भीती आणि आपली.

मूळ कादंबरी असेल, तर बदल शोधा. खरा ऐवज तिथेच सापडतो. पी. डी. जेम्स यांच्या १९९२ च्या कादंबरीत वंध्यत्व पुरुषांचं आहे. चित्रपटात ते स्त्रियांचं झालं आणि गरोदर राहिली ती एक आफ्रिकी निर्वासित तरुणी.