रेडिओवरील प्रश्नमंजूषेची थट्टा करणारा कार्टूनपट घरी कसा दाखवावा

ज्यांनी रेडिओवरील प्रश्नमंजूषा कधी ऐकलीच नाही, त्यांना तिची थट्टा करणारे जुने अमेरिकी कार्टूनपट निव्वळ धांगडधिंगा वाटतात. म्हणून मुलांना असा कार्टूनपट दाखवायचा असेल, तर आधी ऐकवावे आणि मग दाखवावे. सुरुवात वॉर्नर ब्रदर्सच्या 1950 सालच्या ‘द डकस्टर्स’ने करावी. त्याचे दिग्दर्शक चक जोन्स असून लांबी सुमारे सात मिनिटांची आहे.

थट्टा ज्याची, तो मूळ कार्यक्रम आधी समजावून सांगावा. राल्फ एडवर्ड्स यांचा ‘ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस’ 1940 मध्ये एनबीसी रेडिओवर सुरू झाला. त्यात स्पर्धकाला तिरपागडा प्रश्न विचारला जाई आणि ‘ब्यूला’ नावाचा बझर वाजण्याआधी उत्तर आले नाही, तर त्याला सभागृहातील प्रेक्षकांसमोर काहीतरी विचित्र करामत करावी लागे. घरी बसलेल्या श्रोत्याच्या वाट्याला मात्र निवेदकाचे वर्णन, निरनिराळे आवाज आणि प्रेक्षकांचा हशा एवढेच येई. याचे जुने ध्वनिमुद्रण इंटरनेटवर मिळते. पाचेक मिनिटे ऐकवले तरी पुरे. पुण्यातल्या घरांत आकाशवाणीवर वाढलेले आजीआजोबा असतातच. अमीन सयानींच्या आवाजातली बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट आठवणाऱ्या आजोबांना मुलांशेजारी बसवावे. पुणेकर आजोबा उत्तराआधी प्रश्नातलीच चूक काढतील, तेवढे गृहीत धरावे.

आता शीर्षके संपताच पडद्यावर चादर टाकून पहिला प्रसंग केवळ ऐकवावा आणि काय चालले असेल, ते मुलांना विचारावे. मग चादर काढून तोच प्रसंग पुन्हा लावावा. स्पर्धक झालेला पोर्की हा डुक्कर ओंडक्याला बांधलेला आहे, ओंडका फिरत्या करवतीकडे सरकतो आहे आणि प्रश्न विचारणारा डॅफी हा बदक अगदी प्रसन्न सुरात त्याला 1726 सालच्या न्यूझीलंडमधील हेवीवेट मुष्टियुद्धाचा पंच कोण, असे विचारतो आहे. रेडिओवर जी शिक्षा श्रोत्याने मनाने रंगवायची, ती चित्रकारांनी शब्दशः काढून दाखवली, यातच सारी गंमत आहे. डॅफी आणि पोर्की या दोघांचेही आवाज मेल ब्लँक या एकाच कलावंताचे आहेत, हे मात्र चित्रपट संपल्यावरच सांगावे. पोर्की रेडिओ कंपनीच विकत घेतो, तो शेवटही आधी फोडू नये.

पुढच्या बैठकीला रॉबर्ट मॅकिम्सन यांचे ‘वाइडिओ वॅबिट’ (1956) आणि ‘पीपल आर बनी’ (1959) लावावेत. त्यांत थट्टेचा विषय टीव्ही आहे, त्यामुळे तिथे चादरीची गरज नाही.

सोसायटीच्या गणेशोत्सवात हे दाखवायचे असल्यास हक्कधारकांची परवानगी आधी घ्यावी, आणि पोर्कीचे हाल अगदी लहान मुलांना झेपतील का, हे स्वतः एकदा पाहून ठरवावे.